पाव्हण्यानं हरायचं असतं

जन्या, तुझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. उन्हं डोक्यावर आली, भटजी सारखे घड्याळ बघायला लागले, आणि सगळं शेणवं गाव नदीच्या काठाला माना वर करून उभं. कावळे नव्हते असं नाय. समोरच्या करंजावर पाच-सहा बसले होते आणि तुझ्यासारखेच आमची मजा बघत होते.

"काय तरी मनात राह्यलंय त्याच्या," तुझे चुलते नामाकाका म्हणाले. त्यांना गावातल्या सगळ्या मेलेल्यांच्या मनातलं कळतं. मग एकेक जण पुढं जाऊन हात जोडायला लागला. तुझ्या मेव्हण्यानं शेत बघायचं कबूल केलं. धाकट्या भावानं वहिनीला अंतर देणार नाय म्हणून शपथ घेतली. कावळा ढिम्म. मग कुणीतरी मला ढकललं. "दत्तू, तू जा रे. तू त्याच्या जिवाचा जोडीदार."

मी गेलो. हात जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, जन्या, आपला एक खरा सामना राह्यलाय. तू कबूल केला होतास. तो मी खेळतो, तुझ्याशिवाय खेळतो. ये आता. तर जवळ बसलेला एक कावळा उठला आणि आणखी लांबच्या झाडावर जाऊन बसला.

मग आपला माईकवाला पांडू पुढं आला. त्याला मनातल्या मनात बोलता येतच नाय. घसा साफ करून ओरडला, "जनूभाऊ, तुझी पार्टी बंद पडू देणार नाय! तुझ्या नावानं मॅच भरवतो, आन तुझीच टीम जिंकणार!" त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर. बायका रडल्या. नामाकाका म्हणाले, "बघा, जाताना पण खेळच डोक्यात." आणि मी तिथं वाळूत उभा राहून तुला शिव्या घालत होतो. मेल्यावरपण मलाच हरवायचंय काय रे तुला?

आता हे कागदावर उतरवतोय तर दुसरं कुणी वाचलं तर त्यालाही कळू दे. आपली पार्टी म्हणजे तुफान बास्केट पार्टी. भात झोडून झालं की जत्रा सुरू होतात, तेव्हा आपला सीझन. शहापूर आणि मुरबाड, दोन तालुके पिंजून काढले आपण. तुझा टेम्पो, त्यात मी आसनगावच्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेले दोन घडीचे खांब, त्यांना रिंगा. शेतात बॉलचा टप्पा पडत नाय म्हणून आपण खळं मागून घ्यायचो. चोपण्यानं चोपून, सारवून, कडक उन्हात वाळवलेलं खळं. त्यावर टप्पा असा वाजायचा की म्हाताऱ्या घरातून बाहेर यायच्या. भोवती फक्कीची रेघ, एका बाजूला बेंजो, एका बाजूला पांडू. बास्केटबॉल म्हणजे काय हे ज्यांनी जन्मात बघितलं नव्हतं ती माणसं झाडावर चढून बघायची.

आणि टीम दोन. पिवळ्या बनियनची तुझी तुफान आणि निळ्या बनियनचे माझे पाव्हणे. हे नावपण तुझंच. शहापूरच्या हद्दीत खेळ असला की आमी मुरबाडचे पाव्हणे. मुरबाडकडं गेलो की आमीच शहापूरचे पाव्हणे. होतो सगळे शेणव्याचे आणि आजूबाजूच्या वाड्यांवरचे. "ज्या गावात जायचं त्या गावाला जिंकवायचं, दत्त्या," तू म्हणायचास. "हरणारा नेहमी पलीकडच्या तालुक्यातला पायजे. भांडण नको, नुसतं हसू."

तू बोटावर बॉल फिरवायचास, त्याच बोटानं कान खाजवायचास. पब्लिकमधल्या एखाद्या मावशीचा रुमाल डोळ्यांवर बांधून पाठमोरा उभा राहायचास आणि रिंगेत टाकायचास. टप्पे मारता मारता भजीवाल्याकडं जाऊन भजी खाऊन यायचास. आणि मी? मी पडायचो. बॉल माझ्या डोक्यावर आपटायचा, मी गरगर फिरून पडायचो. मी रिंगेपाशी पोचलो की तू मागून येऊन माझी चड्डी ओढायचास, आतून फुलाफुलांची दुसरी चड्डी दिसायची, बेंजोवाला धिनाधिन करायचा आणि पोरंसोरं लोळायची. ती फुलाफुलांची चड्डी माझ्या सुरेखानं तिच्या जुन्या गाऊनची शिवलेली. शिवताना दात खात होती बिचारी. "बाकीच्यांचे नवरे मैदानात जातात ते पदक आणायला," म्हणाली. "माझा जातो चड्डी सोडायला."

बाजारात मला नाव राह्यलं नाय, जन्या. ग्रील बनवून घ्यायला येणारा माणूसपण म्हणायचा, "काय पाव्हणं, नाडी घट्ट बांधलीय ना आज?" मी हसायचो. मी उगाच हसत नव्हतो, मला खरंच मजा यायची, तेही सांगतो. माणसं हसली की मला बरं वाटायचं. पण माणूस घरी गेल्यावर एकटा असतो तेव्हा त्याला वाटतं की आपल्याला काय येतं ते एकदा तरी कुणाला दाखवावं.

कारण येत होतं मला. हे फक्त तुला माहीत होतं. हायस्कूलच्या ग्राउंडवर ड्रिलच्या सरांनी आपल्या दोघांना एकाच वर्षी बॉल हातात दिला. तुला गमती सुचायच्या, मला रिंग दिसायची. मोठे झाल्यावरही सकाळी कुणी नसताना आपण दोघंच खेळायचो, कुठलं नाटक नाय, गंमत नाय, सरळ खेळ. आणि तू हरायचास. बहुतेक वेळा हरायचास, जन्या, आता तोंड वाकडं करू नको. धापा टाकत खाली बसायचास आणि म्हणायचास, "कुणाला सांगू नको हां. मार्केट जाईल आपलं."

मी म्हणायचो, एकदा पब्लिकसमोर असाच खेळू. तू म्हणायचास, खेळू रे. पुढच्या जत्रेला. मग त्याच्या पुढच्या. फार चेपलं तर म्हणायचास, "जिंकणारे गल्लीगल्लीत मिळतात. हरताना माणसाला हसवणारा तूच एक हाय." ह्याला मी स्तुती समजायचो. मूर्ख होतो मी.

सासुरवाडीचं मात्र मी विसरलो नाय. सुरेखाचं माहेर मुरबाडकडचं. तिथली जत्रा आपल्याला मिळाली, तेव्हा मी तुझ्या घरी येऊन तुझ्या ओट्यावर बसलो होतो. मंदावहिनीनं चहा दिला होता, तिच्यासमोर बोलणं झालं. मी म्हटलं, जन्या, तिथं मी जावई आहे. तिथंपण मला पाव्हणाच म्हणतात, पण तो पाव्हणा वेगळा. त्याला पाय धुवायला पाणी देतात, पाटावर बसवतात. तिथं चड्डी नको. तू माझ्या हातावर हात मारलास. "शब्द. तिथं चड्डी नाय, आन शेवटचा बॉल तुझा. जावई जिंकून जाईल." वहिनी पण म्हणाली, "बरं केलं. जावयाचा मान ठेवाया पायजे."

सासरे धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत खुर्चीवर. शेजारी मेव्हणे, मेव्हण्यांच्या बायका, सुरेखा. पांडूनंच जाहीर केलं, आज पाव्हण्यांचा कॅप्टन म्हणजे गावचे जावई. टाळ्या पडल्या. निम्मा खेळ सरळ झाला. मग शेवटचा बॉल माझ्या हातात आला. समोर रिंग, मधी कुणी नाय. मी उडी मारली आणि हवेत असतानाच मांड्यांना गार वारा लागला. सवयीनं आत घातलेली ती फुलाफुलांची चड्डी. बॉल कुठं गेला ते मी बघितलं नाय. सासरे उठून गेले तेवढं बघितलं.

परत येताना टपरीवर चहाला थांबलो तेव्हा आपलं जे झालं ते झालं. मी म्हटलं, शब्द दिलावतास. तू ग्लास खाली ठेवून म्हणालास, "पब्लिक थंड पडलं होतं रे. माणसं उठाया लागली होती. मी काय करणार?" मी म्हटलं, ती माझी माणसं होती. तू म्हणालास, "मान घरी, दत्त्या. खळ्यावर पाव्हणा तो पाव्हणाच. पाव्हण्यानं हरायचं असतं." आणि चहाचे पैसे देऊन टेम्पोत जाऊन बसलास. त्यानंतर आपण किती जत्रा केल्या, पण ते भांडण तिथंच टपरीवर पडून राह्यलं. तू कधी चुकलं म्हणाला नायस. मी परत विचारलं नाय. सुरेखाचा बाप त्यानंतर मला 'या पाव्हणं' म्हणायचा तेव्हा कुठला पाव्हणा म्हणतोय ते मला शेवटपर्यंत कळलं नाय.

आता तू म्हणशील, एवढंच लक्षात ठेवलंस काय रे? नाय. त्या दारुड्याचंपण लक्षात आहे. मी पडलो होतो, ठरल्याप्रमाणे, आणि एका झिंगलेल्यानं आत येऊन माझ्या कंबरेत लाथ घातली. पब्लिक हसलं, त्यांना वाटलं हापण खेळातलाच. तू बॉल टाकलास आणि त्याची गचांडी धरलीस. "माझ्या पाव्हण्याला हात लावायचा नाय. ह्याला फक्त मी पाडणार." जत्रेचे पुढारी हातापाया पडले तरी थांबला नायस, खांब सोडले, रिंगा टेम्पोत टाकल्या आणि निघालास. वाटेत माझी कंबर चोळून दिलीस. पुढचे चार दिवस मला काम करू दिलं नायस. एवढी माया होती आणि एक बॉल सोडवत नव्हता तुला. हे कसलं गणित, जन्या?

आणि तानशाच्या जंगलातल्या त्या वाडीवरचं. लाइट नाय, माईक नाय, आपण नुसत्या आवाजावर खेळ केला. संपल्यावर जेवायला बसवलं तर एका म्हातारीनं पहिली भाकर तुझ्यापुढं ठेवलेली उचलली आणि माझ्यापुढं ठेवली. तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तिच्या सुनेनं सांगितलं, हरलेल्याला जास्त भूक लागते म्हणते. तू केवढा हसलास. पण तुझी भाकर येईपर्यंत तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मला, खरं सांगतो, त्या भाकरीनं जेवढं बरं वाटलं तेवढं तुझ्या कुठल्याच स्तुतीनं वाटलं नव्हतं.

असो. तू गेलास. छातीत दुखतंय म्हणत होतास, गॅस आहे म्हणून सोडा पीत होतास, कुणाचं ऐकलंस तू? मी दुकानात ग्राइंडर चालवत होतो, फोन वाजलेला ऐकू आला नाय. पोचलो तेव्हा तुला ओट्यावर ठेवलं होतं. मला तुझा राग आला, दुसरं काय येणार? आपलं भांडण अर्ध्यात टाकून खुशाल झोपलास.

तर मॅच. तेरावं झालं आणि काल रविवारी शेणव्यातच, तुझ्याच खळ्यावर ठेवली. सारवण सुरेखानं आणि मंदावहिनीनं मिळून केलं. तुझा फोटो खुर्चीवर, हार घालून, रिंगेच्या खाली. तुझी पिवळी बनियन तुझ्या टीममधल्या बंड्यानं घातली. पोरगं चांगलं आहे, बोटावर बॉल फिरवतं, पण कान खाजवायला धजत नाय. खेळाआधी पांडू मला बाजूला घेऊन म्हणाला, "दत्तूदादा, कावळ्याला शब्द दिलाय. नीट पड हां आज." मी मान डोलावली. चड्डी एकच घातली होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिला बॉल हातात आला आणि मी पडलो नाय. उभा राह्यलो, रिंग बघितली, टाकला. गेला. पब्लिक हसलं, त्यांना वाटलं आता काहीतरी गंमत येणार. दुसरा टाकला. गेला. बंड्या कानाशी येऊन कुजबुजला, "दादा, काय करतोस?" मी म्हटलं, खेळतोय, तूपण खेळ. बिचाऱ्यानं मन लावून खेळायचा प्रयत्न केला. मी त्याच्या डावीकडून गेलो, उजवीकडून गेलो, लांबून टाकले, उडी मारून टाकले. वयानं पाय भरून आले, छातीचा भाता झाला, पण हात चुकला नाय. सकाळी आपण दोघं खेळायचो तसा खेळलो. हसणं हळूहळू थांबलं. बेंजोवाला वाजवायचा थांबला. मला वाटलं, आता ह्यांना कळायला लागलं. आता ह्यांना दिसतोय मी.

खेळ संपला. निळे जिंकले. पहिल्यांदा. मी मधोमध उभा, घामानं निथळतोय, अंग थरथरतंय, डोळ्यांत घाम जाऊन डोळे लाल. आणि त्या शांततेत पांडूचा आवाज आला माईकवरून, कापत, "अरे... दत्तूदादाला कवा रिंग दिसली का? हा दत्तूदादा नाय. जनूभाऊ आलाय रे अंगात! जनूभाऊ आलाय!"

जन्या, एका क्षणात सगळं खळं उठलं. बायका पुढं आल्या, कुणी माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, कुणी पायावर तांब्या ओतला, कुणी नारळ फोडला. बेंजोवाल्यानं देवाची चाल धरली. मी नको नको म्हणून हात हलवत होतो, तर म्हणे बघा कसा घुमतोय. मी दमलो होतो रे! चाळिशी उलटलेल्या माणसानं तास-दीड तास खरा खेळ केला की तो थरथरतोच. पण मला स्वतःला येत असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाय.

नामाकाका गर्दी सारत पुढं आले. माझ्यासमोर हात जोडून उभे राह्यले आणि विचारलं, "कोण आलाय? नाव सांग."

पांडूनं माईक माझ्या तोंडाशी धरला. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी नाव विचारत होतं, जिंकल्यावर, माईकवर, अख्ख्या गावासमोर. मी तोंड उघडलं. दत्तात्रय. एवढंच म्हणायचं होतं.

तर नामाकाकांच्या मागं मंदावहिनी उभी होती. पदराचा बोळा तोंडात धरलेला. तू गेल्यापासून ती कुणाशी धड बोलली नव्हती, सुरेखा घास भरवायची तेव्हा खायची. ती माझ्याकडं बघत होती, आणि मला कळलं की ती माझ्याकडं बघतच नाय.

"जनार्दन," मी म्हणालो.

ती धावत आली आणि माझे पाय धरले. ती काय बोलली ते तुला कळायला पाहिजे म्हणूनच आज दुकान बंद ठेवून हे लिहायला बसलोय, नायतर मला काय हौस नाय. ती म्हणाली, "अवो, तुमी छाती धरून खाली बसलात ना, तवा मी हसले. म्हटलं झाली ह्यांची नाटकं सुरू. म्हटलं उठा, ही काय जत्रा नाय. तुमी माझ्याकडं बघत व्हतात आन मी हसत व्हते. मला म्हाईत नव्हतं वो."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तुझ्या आवाजात, तुझा आवाज मला येतो, म्हटलं, "असू दे गो. माझी सवयच तशी होती." ती मोठ्यानं रडली. दहाव्याला रडली नव्हती तशी रडली. बायकांनी तिला धरून घरी नेलं. नंतर कळलं, घरी जाऊन स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला.

घरी येताना सुरेखानं पदरानं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. मग म्हणाली, "एवढं जिंकलात आन तेपण दिऊन आलात." तिच्या आवाजात राग होता की काय होतं, मी विचारलं नाय. सकाळी बाजारात भाजीवाल्यानं हाक मारली, "पाव्हणं, काल जनूभाऊ काय खेळला हो!" मी म्हटलं, हो, छान खेळला.

वहिनीला तुझ्या वतीनं माफ करून आलोय, जन्या. माझ्या वतीनं तुला अजून केलेलं नाय.